घरातला वाय-फाय कॅमेरा मोबाइलला कसा जोडावा

वाय-फाय कॅमेरा मोबाइलला जोडण्याचे काम दहा-पंधरा मिनिटांचे आहे, असे दुकानदार सांगतात आणि सगळे जुळून आले तर ते खरेही ठरते. मात्र मोबाइलच्या पडद्यावर एकदा चित्र दिसले की काम झाले, ही समजूत पुढे फार त्रास देते. माझ्या मते तीन गोष्टी पार पडल्यावरच कॅमेरा जोडला गेला असे म्हणावे. तो ज्या खात्यावर नोंदला आहे ते खाते घरच्या माणसाच्या हाती असले पाहिजे, घराबाहेर मोबाइल डेटावरही चित्र दिसले पाहिजे आणि वीज जाऊन परत आल्यावर कोणी हात न लावता कॅमेरा आपोआप सुरू झाला पाहिजे.

यातली पहिली गोष्ट सगळ्यांत जास्त दुर्लक्षित राहते. सांगलीला माझ्या मामांच्या घरी कॅमेरा बसवणाऱ्या माणसाने काम नीटनेटके केले होते, पण घाईत त्याने कॅमेरा स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या ईमेलवर नोंदवला आणि मामांना नुसता ‘शेअर’ करून दिला. सहा महिन्यांनी घरचा राऊटर बदलला, तेव्हा कॅमेऱ्याला नवे वाय-फाय देण्याचा अधिकार मामांच्या मोबाइलला नाही, हे लक्षात आले. त्याहून गंभीर बाब म्हणजे इतके दिवस त्यांच्या दिवाणखान्याचे चित्र एका परक्या माणसाच्या मोबाइलवर उघडू शकत होते. मामींनी मला एवढेच विचारले, “म्हणजे आपलं घर तो कधीही बघू शकत होता का रे?” उत्तर ‘हो’ असेच होते. त्या माणसाला फोन करून कॅमेरा त्याच्या खात्यातून काढून घ्यावा लागला आणि मग सगळी जोडणी पहिल्यापासून केली. म्हणून बसवायला माणूस बोलावला तरी चालेल, भिंतीला भोके त्यानेच पाडावीत, पण ॲपमधील नोंदणी मात्र आपल्याच मोबाइलवर, आपल्या डोळ्यांसमोर व्हावी.

पुढे सांगितलेली पद्धत समजायला सोपी जावी म्हणून मी टीपी-लिंकचा टापो सी२०० हा घरात ठेवायचा, मान फिरवणारा कॅमेरा नमुन्यादाखल घेतला आहे. इतर कंपन्यांच्या ॲपमध्ये बटणांची नावे आणि दिव्यांचे रंग वेगळे असतात, मात्र कामाचा क्रम जवळपास तोच राहतो.

सुरुवात करण्यापूर्वी

घरच्या राऊटरवर वाय-फायच्या लहरींचे बहुधा दोन पट्टे (बँड) चालू असतात, एक २.४ गिगाहर्ट्‌झचा आणि दुसरा ५ गिगाहर्ट्‌झचा. घरगुती कॅमेऱ्यांपैकी बहुतेक फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात. तो पट्टा संथ असला तरी भिंतींतून अधिक पलीकडे पोहोचतो आणि कॅमेऱ्याला एवढा वेग पुरतो. अडचण अशी की अलीकडच्या अनेक राऊटरमध्ये दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असते. मोबाइल नकळत ५ वर जोडलेला राहतो, कॅमेरा २.४ शोधतो आणि जोडणी मध्येच अडकते. राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे द्यावीत, म्हणजे २.४ च्या नावापुढे ‘24’ असे काही जोडावे. हे स्वतःला जमत नसेल तर इंटरनेटवाल्याला सांगितल्यास तो करून देतो. याच वेळी वाय-फायचे नाव आणि पासवर्ड यांत फक्त इंग्रजी अक्षरे आणि आकडे आहेत याची खात्री करावी. मराठी अक्षरे, रिकाम्या जागा किंवा चित्रचिन्हे असलेले नाव मोबाइलला चालते, काही कॅमेऱ्यांना मात्र ते वाचता येत नाही. राऊटरच्या वाय-फाय सुरक्षेचा प्रकार केवळ डब्ल्यूपीए३ वर ठेवलेला असेल तर तो डब्ल्यूपीए२ किंवा दोन्हींच्या मिश्र पर्यायावर आणावा, कारण पुष्कळ कॅमेरे नुसत्या डब्ल्यूपीए३ वर जोडले जात नाहीत.

कॅमेऱ्यासोबत आलेला अडॅप्टरच वापरावा. सी२०० ला ९ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, कित्येक कॅमेऱ्यांना ५ व्होल्टचा, तर घराबाहेर लावायच्या अनेक कॅमेऱ्यांना १२ व्होल्टचा. पिना सारख्या दिसतात म्हणून सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर कॅमेऱ्याला लावणे म्हणजे कॅमेरा जाळण्याची तयारी करणे होय. अडॅप्टरवर छापलेला व्होल्टचा आकडा वाचण्याची सवय ठेवावी.

खरेदी अजून व्हायची असेल तर एक गोष्ट पाहून घ्यावी. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एप्रिल २०२४ मध्ये अधिसूचना काढून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सायबर सुरक्षेचे निकष सक्तीचे केले. खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. सातशे-आठशे रुपयांत मिळणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या कॅमेऱ्यांचे चित्र कदाचित बरे दिसेल, परंतु त्यांचे ॲप कोण चालवते आणि चित्र कुठल्या सर्व्हरवर जाते हे विचारायला कोणी सापडत नाही. दिवाणखान्यात डोळा बसवायचा असेल तर त्यासाठी चार पैसे जास्त गेलेले बरे.

ॲप आणि खाते

ॲप शोधताना प्ले स्टोअरमध्ये नुसते ‘कॅमेरा’ असे टाकून पहिले दिसेल ते उतरवून घेऊ नये. सारखी नावे आणि सारखी चिन्हे असलेली अनेक ॲप तिथे असतात. खोक्यातील माहितीपत्रिकेवर जो क्यूआर कोड छापलेला असतो तो स्कॅन करून ॲप घ्यावे आणि प्रकाशक म्हणून कंपनीचेच नाव आहे ना, हे पाहावे.

खाते उघडताना घरातल्या ज्या माणसाला पुढेही हे सांभाळायचे आहे त्याचा ईमेल द्यावा. तो ईमेल चालू असला पाहिजे आणि त्याचा पासवर्ड माहीत असला पाहिजे. अनेक घरांत मोबाइल घेताना दुकानदाराने उघडून दिलेला ईमेल असतो, त्याचा पासवर्ड कोणालाच ठाऊक नसतो आणि वर्षभराने कॅमेऱ्याच्या खात्याचा पासवर्ड विसरला की तो परत मिळवण्याची वाटही बंद होते. खात्याचा पासवर्ड वाय-फायच्या पासवर्डहून वेगळा ठेवावा, डायरीत लिहून ती कपाटात ठेवावी. वयस्कर मंडळींसाठी मला हीच पद्धत सर्वांत भरवशाची वाटते.

ॲप देश किंवा विभाग विचारते, तिथे कॅमेरा जिथे बसणार आहे तो देश निवडावा. परदेशी राहणारी मुले पुण्या-नाशकातल्या आईवडिलांसाठी कॅमेरा जोडतात, तेव्हा स्वतःचे खाते अमेरिका किंवा कॅनडाचे ठेवतात, आणि काही कंपन्यांच्या ॲपमध्ये वेगवेगळ्या विभागांतील खाती एकमेकांना कॅमेरा शेअर करू शकत नाहीत. त्यामुळे मुख्य खाते घरच्या ईमेलवर, भारत निवडून उघडावे आणि मुलांनी त्यातून शेअर घ्यावे. शेअर होत नसेल तर मुलांनी त्या ॲपसाठी भारत निवडून वेगळे खाते उघडावे.

यानंतर मोबाइल परवानग्या विचारतो. अँड्रॉइडवर लोकेशनची परवानगी मागितली की लोक बिचकतात आणि नकार देतात. पण आजूबाजूची वाय-फाय शोधण्यासाठी अँड्रॉइडला ती परवानगी लागते आणि लोकेशन प्रत्यक्ष चालूही असावे लागते. जोडणी झाल्यावर ती काढून घेता येते. नव्या अँड्रॉइडवर ‘जवळपासची उपकरणे’ ही परवानगीही लागते. आयफोनवर ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी नाकारली गेली, तर ॲपला समोर ठेवलेला कॅमेराही सापडत नाही.

प्रत्यक्ष जोडणी

कॅमेरा आधी भिंतीवर लावू नये. पहिली जोडणी राऊटरपासून सहा-सात फुटांवर, टेबलावर ठेवून करावी. शिडीवर उभे राहून बारीक छिद्रात टाचणी खुपसण्याची वेळ त्यामुळे येत नाही.

अडॅप्टर लावल्यावर कॅमेरा मान फिरवून स्वतःला तपासतो. याला अर्धा मिनिट लागतो, तेवढा वेळ त्याला हाताने धरू किंवा वळवू नये. सी२०० चा दिवा आधी सलग लाल असतो आणि मग लाल-हिरवा असा आलटून पालटून लुकलुकू लागतो. लाल-हिरवा लुकलुकणारा दिवा म्हणजे कॅमेरा जोडणीसाठी तयार आहे. तसे होत नसेल, किंवा कॅमेरा पूर्वी कोठे जोडलेला असेल, तर त्याचे भिंग हलक्या हाताने वर करावे. खाली मेमरी कार्डची खाच आणि तिच्याजवळ रिसेटचे बटण दिसते. ते साधारण पाच सेकंद, दिवा भराभर लाल लुकलुकेपर्यंत, दाबून ठेवावे आणि कॅमेरा पुन्हा सुरू होण्याची वाट पाहावी.

आता मोबाइल घरच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या वाय-फायवर आणावा. ॲपमध्ये अधिकचे चिन्ह दाबून कॅमेऱ्यांच्या यादीतून आपले मॉडेल निवडावे. दिवा लाल-हिरवा आहे का, असे ॲप विचारते. त्याला होकार दिला की कॅमेऱ्याने स्वतः तयार केलेल्या तात्पुरत्या वाय-फायला मोबाइल जोडायला ते सांगते. सी२०० च्या बाबतीत त्या वाय-फायचे नाव ‘टापो कॅम’ आणि पुढे काही अक्षरे-आकडे असे असते. मोबाइलच्या वाय-फाय यादीत जाऊन ते निवडावे.

बहुतेकांचे गाडे इथेच अडते. कॅमेऱ्याच्या त्या तात्पुरत्या वाय-फायवर इंटरनेट नसते, ते फक्त मोबाइल आणि कॅमेरा यांनी आपसांत बोलावे म्हणून असते. मोबाइल मात्र ‘या नेटवर्कवर इंटरनेट नाही’ असे म्हणून गुपचूप मोबाइल डेटावर किंवा घरच्या वाय-फायवर परत जातो आणि ॲपमध्ये नुसते चक्र फिरत राहते. म्हणून हा टप्पा सुरू करण्यापूर्वी मोबाइल डेटा बंद करावा, आणि सूचना आली तर ‘तरीही जोडलेले राहा’ हा पर्याय निवडावा. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेट दुसऱ्याच सर्व्हरवरून वळवणारे ॲप, वापरत असाल तर तोही तेवढ्यापुरता बंद ठेवावा.

मोबाइल कॅमेऱ्याला जोडला गेला की ॲप घरच्या वाय-फायचे नाव आणि पासवर्ड विचारते. पासवर्ड टाकताना डोळ्याचे चिन्ह दाबून तो उघडा वाचावा. लहान-मोठ्या अक्षरांची एक चूक झाली की कॅमेरा राऊटरच्या दारात उभा राहतो आणि आत येऊ शकत नाही. पासवर्ड बरोबर असेल तर दिवा संथपणे लाल लुकलुकतो, मग पिवळसर होतो आणि शेवटी सलग हिरवा राहतो. तो हिरवा दिवा दिसल्यावर कॅमेऱ्याला ‘दिवाणखाना’, ‘मागचे दार’ असे ओळखू येणारे नाव द्यावे, कारण पुढे घरात दुसरा कॅमेरा आला की हीच नावे उपयोगी पडतात.

काही कंपन्या वेगळी वाट धरतात. त्यांच्या ॲपमध्ये आधी घरच्या वाय-फायचा पासवर्ड टाकायचा असतो, मग मोबाइलच्या पडद्यावर एक क्यूआर कोड येतो आणि तो कॅमेऱ्याच्या भिंगासमोर धरायचा असतो. मोबाइलचा प्रकाश पूर्ण वाढवून, भिंगापासून वीतभर अंतरावर धरून तो सावकाश मागे-पुढे न्यावा. भिंगावरची संरक्षक प्लास्टिकची पट्टी काढायची राहिली असेल किंवा मोबाइलच्या काचेवर ट्यूबलाइटचा झोत पडत असेल, तर कॅमेऱ्याला कोड वाचता येत नाही. नवीन मॉडेलांपैकी कित्येक ब्लूटूथवरून जोडले जातात आणि त्यांत तात्पुरत्या वाय-फायची कटकट राहत नाही.

अडकले तर काय पाहावे

दिव्याचा टप्पा पाहून दोष कुठे आहे हे बरेचसे कळते. दिवा लाल-हिरवाच राहिला, तर मोबाइल कॅमेऱ्यापर्यंत पोहोचला नाही. तेव्हा लोकेशन, परवानग्या आणि मोबाइल डेटा पाहावा. दिवा संथ लाल लुकलुकत राहिला, तर कॅमेरा राऊटरपर्यंत पोहोचला नाही. तेव्हा पासवर्ड, पट्टा आणि डब्ल्यूपीए तपासावे. दिवा पिवळसरच राहिला, तर कॅमेरा राऊटरला जोडला गेला आहे, पण राऊटरवर इंटरनेटच नाही किंवा तो कंपनीच्या सर्व्हरपर्यंत जाऊ शकत नाही. तेव्हा त्याच वाय-फायवर दुसऱ्या मोबाइलने एखादे पान उघडून पाहावे. सगळे एकदम बदलू नये. एक गोष्ट बदलावी, पुन्हा करून पाहावे, मग दुसरी बदलावी.

राऊटरमध्ये वेगळी नावे देणे जमत नसेल, तर जोडणीपुरता ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा बंद करावा आणि हिरवा दिवा आल्यावर परत चालू करावा. राऊटरवर केवळ ओळखीच्या उपकरणांना प्रवेश देण्याची यादी लावलेली असेल, तर कॅमेऱ्याच्या तळावर छापलेला मॅक पत्ता, म्हणजे त्या उपकरणाचा ओळख क्रमांक, तीत घालावा लागतो.

‘हे उपकरण दुसऱ्या खात्यावर नोंदलेले आहे’ असा संदेश आला, तर कितीही वेळा रिसेट केले तरी पुष्कळ कंपन्यांचे कॅमेरे नव्या खात्यावर येत नाहीत. आधीच्या मालकाने आपल्या ॲपमधून तो काढून टाकणे हाच त्यावरचा सरळ उपाय आहे. वापरलेला कॅमेरा विकत घेताना पैसे देण्यापूर्वी विक्रेत्यासमोर तो आपल्या खात्यावर जोडून पाहावा.

यातूनही सुटले नाही आणि कंपनीला फोन करायचा झाला, तर ग्राहक सेवेचा क्रमांक माहितीपत्रिकेवरून किंवा ॲपमधूनच घ्यावा. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या खोट्या क्रमांकांवर फसवणूक करणारी माणसे बसलेली असतात. ती मोबाइलचा पडदा त्यांना दाखवणारे ॲप टाकायला लावतात आणि बँकेचे खाते रिकामे करतात. कॅमेरा जोडण्यासाठी कोणालाही बँकेचा ओटीपी लागत नाही. पैसे गेलेच तर तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

तीन चाचण्या

हिरवा दिवा आल्यावर पहिली चाचणी खात्याची करावी. ॲपमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन कोणाकोणाला शेअर केले आहे ती यादी उघडावी. तिथे घरच्या माणसांखेरीज कोणाचेही नाव असता कामा नये.

दुसऱ्या चाचणीसाठी मोबाइलचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटा चालू करावा, शक्य असल्यास कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत जावे आणि तिथून चित्र उघडावे. पूर्वी बाहेरून कॅमेरा पाहण्यासाठी राऊटरवर पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत येण्याची वाट, उघडून द्यावे लागे. आजच्या अनेक फायबर आणि मोबाइल इंटरनेट जोडण्यांवर इंटरनेटवरचा एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळ ग्राहकांत वाटला जातो, त्यामुळे ती पद्धत चालत नाही आणि तिची गरजही उरलेली नाही. आता कॅमेरा स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क ठेवतो आणि मोबाइल त्याच सर्व्हरमार्फत कॅमेऱ्याला शोधतो. कोणी पोर्ट उघडून द्यायला सुचवले तर नम्रपणे नको म्हणावे, कारण उघडे पोर्ट जगातल्या कोणालाही दिसते.

इथे डेटाचा हिशेब पाहून ठेवावा. चित्र सेकंदाला १ मेगाबिट या वेगाने येत असेल तर तासाला साधारण ४५० एमबी डेटा जातो. दिवसाला दीड जीबी मिळणाऱ्या पॅकवर तीन तास कॅमेरा पाहत बसले की पॅक संपला. ॲपमध्ये कमी दर्जाच्या चित्राचा पर्याय असतो, बाहेरून पाहताना तो पुरतो.

तिसऱ्या चाचणीसाठी राऊटर आणि कॅमेरा ज्या बोर्डवर आहेत त्यांची बटणे बंद करून पाच मिनिटांनी परत चालू करावीत आणि कशालाही हात न लावता वाट पाहावी. राऊटरला इंटरनेट मिळायला दोन-तीन मिनिटे लागतात, कॅमेरा आधी जागा होऊन बसतो आणि मग स्वतःहून जोडला जातो. ज्या गावांत लोडशेडिंग असते तिथे ही चाचणी दोनदा करावी. राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. त्याच्या काही मॉडेलांत ५, ९ आणि १२ व्होल्टची वेगवेगळी तोंडे असतात, त्यामुळे योग्य व्होल्ट आणि योग्य पिन पाहून राऊटर व कॅमेरा दोन्ही त्यावर चालवता येतात. वीज गेलेली असतानाच घरात कोणी शिरले, तर याच यूपीएसमुळे चित्र मिळते.

मेमरी कार्ड

कार्ड नसलेला कॅमेरा थेट चित्र दाखवतो, पण काल रात्री दोन वाजता काय घडले ते सांगू शकत नाही. कंपनीची मासिक वर्गणी भरून क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवर, साठवण घेता येते. तथापि बहुतेक घरांना मायक्रो एसडी कार्ड पुरेसे आहे. कॅमेरा त्यावर दिवसरात्र लिहीत असतो, त्यामुळे मोबाइलमधून काढलेले जुने कार्ड लवकर दगा देते. कॅमेऱ्यांसाठीचे जास्त टिकाऊ, ‘हाय एंड्युरन्स’ असे लिहिलेले कार्ड घ्यावे.

सेकंदाला १ मेगाबिटने सलग रेकॉर्डिंग केले तर दिवसाला १०.८ जीबी भरतात, म्हणजे ६४ जीबीचे कार्ड साधारण साडेपाच दिवस पुरते. वेग दुप्पट असला तर तीन दिवसांच्या आतच ते भरते. भरल्यावर कॅमेरा सर्वांत जुने चित्रण पुसून नवे लिहितो. हालचाल झाली तेवढेच रेकॉर्ड करण्याचा पर्याय निवडला तर हेच कार्ड कितीतरी जास्त दिवस चालते. गावाला जाताना मात्र मी सलग रेकॉर्डिंग ठेवतो, कारण हालचालीवर चालणारे रेकॉर्डिंग सुरू होण्यापूर्वीचे काही क्षण निसटू शकतात. कार्ड बसवल्यावर ॲपमधूनच ते एकदा फॉरमॅट करावे आणि दुसऱ्या दिवशी आदल्या रात्रीचे चित्रण खरोखर उघडते का ते पाहावे. कार्डवरच्या रेकॉर्डिंगला इंटरनेट खर्च होत नाही आणि इंटरनेट बंद पडले तरी ते चालू राहते.

चोर कॅमेराच उचलून नेईल तर कार्डही जाईल, ही शंका रास्त आहे. क्लाउडची वर्गणी एवढ्यासाठीच कामाची ठरते. दुकान किंवा गोदाम असेल तर ती घ्यावी.

भिंतीवर लावताना

भोक पाडण्यापूर्वी कॅमेरा त्या जागी हाताने धरावा आणि दुसऱ्याने दूर उभे राहून मोबाइलवर दोन मिनिटे चित्र पाहावे. ॲपमध्ये सिग्नलचा आकडा दिसत असेल तर तो उणे ६५ पर्यंत चांगला समजावा, उणे ७५ च्या खाली, म्हणजे उणे ८० वगैरे, गेला तर चित्र अडखळणार. जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती, स्लॅब, पाण्याची टाकी, मोठा आरसा आणि लोखंडी कपाट यांच्यामागे वाय-फाय दुबळे होते. राऊटरच दोन फूट वर उचलला तरी पुष्कळदा काम होते.

उंची साधारण आठ ते दहा फूट ठेवावी. त्याहून वर लावला तर माणसाचा चेहरा न दिसता टाळूच दिसते. खिडकीच्या काचेतून बाहेर पाहायला ठेवलेला कॅमेरा दिवसा छान दिसतो, पण रात्री त्याचे स्वतःचे इन्फ्रारेड दिवे काचेवरून परत येतात आणि पडदा पांढरा होतो. छताखालच्या कोपऱ्यात लावल्यास भिंगासमोर कोळी जाळे विणतो, इन्फ्रारेडमुळे ते उजळते आणि रात्रभर हालचालीच्या सूचना येत राहतात. महिन्यातून एकदा कोरड्या मऊ फडक्याने भिंग पुसणे हा त्यावरचा उपाय आहे.

रात्री साडेआठच्या सुमारास कॅमेरा रोज बंद पडतो आणि सकाळी आपोआप सुरू होतो, अशी तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. लोक वाय-फायला दोष देतात, पण खरे कारण बहुधा वायर असते. ५ व्होल्टच्या कॅमेऱ्याला बारीक तारेची लांब यूएसबी वायर जोडून दिलेली असते. अंधार पडून इन्फ्रारेड दिवे लागले की वीज जास्त लागते, लांब तारेत व्होल्ट घटतात आणि कॅमेरा पुन्हा पुन्हा सुरू-बंद होतो. अशा वेळी अडॅप्टरपासून कॅमेऱ्यापर्यंतची वायर लांबवण्याऐवजी घराचा वीजप्रवाह, म्हणजे प्लग पॉइंटच, कॅमेऱ्याजवळ आणून घ्यावा. हे काम वायरमनकडूनच करवून घ्यावे.

सूचना येत नसतील तर

थेट चित्र दिसते, पण हालचालीची सूचना येत नाही, ही अडचण बहुतेक वेळा मोबाइलमध्येच असते. अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक ॲपला नोटिफिकेशनची वेगळी परवानगी द्यावी लागते. शिवाय काही कंपन्यांचे मोबाइल बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप बंद करतात. तिथे या ॲपसाठी ‘ऑटोस्टार्ट’ चालू करून बॅटरीची मर्यादा काढावी. उलट, सूचनांचा पाऊस पडत असेल तर हालचाल टिपण्याचे क्षेत्र आखून घ्यावे, पंखा, पडदा आणि रस्ता त्यातून वगळावा. दिवसभरात दीडशे सूचना आल्या की माणूस त्या पाहणेच सोडतो आणि मग खरी सूचनाही वाचली जात नाही.

कुलूप आतून लावणे

२०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने जगभरातील लाखो कॅमेरे आणि राऊटर ताब्यात घेतले आणि त्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच साहाय्याने अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. त्यासाठी त्याने फार मोठी चलाखी केली नव्हती. कारखान्यातून आलेल्या, कोणी न बदललेल्या साठ-एक नाव-पासवर्डच्या जोड्या तो एकामागून एक लावून पाहत होता. म्हणून कॅमेऱ्याला कारखान्याचा पासवर्ड असेल तर तो त्याच दिवशी बदलावा, खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड) चालू करावी आणि फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतला प्रोग्राम, अद्ययावत ठेवावे. अद्ययावत होताना कॅमेऱ्याची वीज घालवू नये. राऊटरवर ‘गेस्ट नेटवर्क’ असेल तर कॅमेरे त्यावर ठेवावेत, म्हणजे घरातील संगणक आणि मोबाइल यांच्यापासून ते वेगळे राहतात.

कॅमेरा झोपण्याच्या खोलीत, न्हाणीघराच्या दिशेने किंवा शेजाऱ्याच्या दारावर रोखून लावू नये. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६६ई नुसार एखाद्याच्या खासगी अवयवांचे चित्र त्याच्या संमतीशिवाय टिपणे किंवा पसरवणे हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कायद्याच्या पलीकडेही, घरात कामाला येणाऱ्या ताईंना आणि मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांना कॅमेरा आहे हे आधी सांगावे. मामींनी मला कॅमेऱ्याचा प्रायव्हसी मोड कसा लावायचा हे सगळ्यांत आधी शिकवायला लावले. दुपारी दोन ते चार त्या तो चालू ठेवतात आणि तेवढा वेळ पाहणे व रेकॉर्डिंग दोन्ही थांबते. मुलांना शेअर देतानाही आईवडिलांना विचारूनच द्यावा.

वाय-फाय नसलेल्या ठिकाणी

द्राक्षबाग, विहिरीवरची मोटर किंवा शेतघर अशा जागी वाय-फाय नसते, तिथे सिम कार्ड घालायचा ४जी कॅमेरा घ्यावा. त्यात वाय-फायचे टप्पे नसतात. सिम आधी मोबाइलमध्ये घालून डेटा चालतो याची खात्री करावी, सिमला पिन क्रमांकाचे कुलूप असेल तर ते काढून टाकावे, मग वीज बंद असताना ते कॅमेऱ्यात बसवावे आणि कॅमेऱ्यावरील क्यूआर कोड ॲपने स्कॅन करावा. सौर पॅनेलवर चालणारे कॅमेरे वीज वाचवण्यासाठी बहुधा हालचाल झाली तरच जागे होतात, हे खरेदीपूर्वीच लक्षात घ्यावे.

राऊटर बदलताना आणि कॅमेरा देऊन टाकताना

इंटरनेट कंपनी बदलून नवा राऊटर आला, तर त्याच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्याला जुन्याचेच नाव आणि जुनाच पासवर्ड अक्षरशः तसाच द्यावा, आणि सुरक्षेचा प्रकारही तोच ठेवावा. घरातील सगळे कॅमेरे आपले आपण त्याला जोडले जातात, एकालाही रिसेट करावे लागत नाही. मामांच्या घरी आता डायरीच्या पहिल्या पानावर हे नाव आणि पासवर्ड मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहेत आणि नवा राऊटर बसवायला येणाऱ्या मुलाला मामी आधी ते पान दाखवतात.

कॅमेरा कोणाला देऊन टाकायचा किंवा विकायचा असेल, तर आधी कार्ड काढून घ्यावे, मग ॲपमधून कॅमेरा ‘रिमूव्ह’ करावा आणि शेवटी रिसेटचे बटण दाबून दिवा लाल-हिरवा लुकलुकू लागला की तो पुढच्या माणसाच्या हाती द्यावा.